एक ठोका आधी

मचाणावर सोबतीला एकालाच नेता येतं.

नियम चांगला आहे, हे मी आधीच मान्य करते. मोठ्या रॉक कार्यक्रमांत मैदानाच्या मधोमध छातीएवढ्या उंचीचं एक लाकडी मचाण बांधतात. चाकांच्या खुर्चीतले, काठी घेऊन चालणारे, कानांनी ऐकू न येणारे श्रोते तिथे असतात, म्हणजे गर्दीच्या रेट्यात ते सापडत नाहीत. प्रत्येकाबरोबर एक सोबती. हंगामाचा पहिला कार्यक्रम संपला की बाहेर पडताना खिडकीवर सोबत्याचं नाव पक्कं करायचं. मग उरलेल्या आठही कार्यक्रमांना तोच माणूस. अकरा वर्षं ओजसच्या पासवर माझं नाव होतं, आणि खिडकीवरचा माणूस विचारायच्या आधीच मी ते सांगून टाकत असे.

यंदा कुणाचं नाव द्यायचं, हे ओजस बोलत नव्हता. मी विचारत नव्हते.

ओजस माझा नवरा. सतराव्या वर्षी मेंदूज्वरातून वाचला, पण दोन्ही कान गेले. त्या आजारात कधी कधी आतल्या कानातल्या शंखात हाड भरतं, मग तिथे यंत्र बसवायला जागाच उरत नाही. त्याच्या बाबतीत तेच झालं. बोलतो तो नीट, फक्त आवाज किती मोठा लागला ते त्याला कळत नाही. समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचतो. आणि रॉक ऐकायचं वेड आजाराच्या आधीपासूनचं, ते काही गेलं नाही.

आमच्या तिसऱ्या भेटीतच तो मला 'डांबर' या बँडच्या कार्यक्रमाला घेऊन गेला होता. "ड्रम छातीत वाजतो," तो म्हणाला, "पण गाणं कुठवर आलं ते कळत नाही. सगळे उडी मारतात, मी अर्धा सेकंद मागून मारतो. लग्नाच्या वरातीत नवीन जावई नाचतो ना, तसं दिसतं." मी त्याच्या मागे उभी राहिले आणि त्याच्या पाठीवर ठेका धरला. एवढंच. दोन महिन्यांनी आमचं ठरलं.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाआधी मी आलेख-कागद घेऊन बसायचे. एका ठोक्याला एक चौकोन, खाली शब्द, जोराच्या जागा लाल. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर बोटांनी सराव. मैदानात त्याच्या मागे उभं राहून उजव्या हाताने पाठीवर ठेका द्यायचा, डाव्या हाताने खांद्यावर शब्द. आणि मोठा जोर यायच्या बरोबर एक ठोका आधी मानेवर एक टिचकी. ती मिळाली की तो गुडघे वाकवायचा, आणि सगळं मैदान उडायचं तेव्हा तोही त्याच क्षणी हवेत असायचा. लोकांना वाटायचं, याला ऐकू येतं. मला त्याचा फार अभिमान होता.

मी ध्वनिमापक तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मिरवणुकीत पोलीस जे मीटर धरतात ते खरं बोलतं की नाही, हे आम्ही ठरवतो. प्रत्येक मीटरमध्ये थोडा शून्यदोष असतो, म्हणजे आवाज नसतानाही काटा किंचित एका बाजूला झुकलेला. तो मोजायचा, वजा करायचा, आणि शेवटी शेरा लिहायचा. हे सांगितलं, कारण पुढे मी जी चूक केली ती या सवयीतूनच झाली.

गेल्या हंगामाच्या शेवटच्या तीन कार्यक्रमांना बंडी आली, गाणं कंपनांनी अंगावर उमटवणारी.

त्वचा हा वाईट कान नाही, फक्त अरुंद कान आहे. आपला कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. त्वचेला हजारेकाच्या पुढे काही कळत नाही. पाच वाद्यं आणि एक गळा एवढ्या अरुंद बोळातून न्यायचे, तर सगळ्यांनी एकदम घुसून चालत नाही. आत्ता गिटार पुढे, आता गळा, आता नुसता ड्रम, असं कुणीतरी ठरवावं लागतं. ऐकणाऱ्याचा मेंदू हे नकळत करत असतो. जुन्या कंपनाच्या बंड्यांमध्ये हे काम गणित करायचं, आणि त्या घालणारे म्हणायचे, पिठाच्या गिरणीला टेकून उभं राहिल्यासारखं वाटतं.

नव्या बंडीने ते काम पुन्हा माणसाकडे दिलं. आपल्या कानामागे एक चिमुकला स्नायू असतो. गाय, मांजर, कुत्रा त्याच्या जोरावर कान वळवतात. आपले कान वळत नाहीत, पण स्नायू जुनी सवय विसरलेला नाही. लक्ष ज्या बाजूच्या आवाजाकडे जातं, त्या बाजूचा स्नायू क्षणार्धात किंचित आखडतो. अनपेक्षित आवाजाला जास्त, पाठ असलेल्या आवाजाला जेमतेम. दोन्ही कानांमागे टिकलीएवढे संवेदक चिकटवले की हे आखडणं मोजता येतं. त्यांना सगळे टिकल्याच म्हणतात. एक माणूस टिकल्या लावून ऐकतो, आणि त्याचं लक्ष जाईल तसतशी दुसऱ्याच्या अंगातली बंडी वाद्यं पुढे-मागे करते. टिकल्या लावणारा जवळच उभा हवा. आवाज हवेतून तसा सावकाशच जातो, चौतीस मीटर दूर उभ्या असलेल्याला सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतं, आणि तेवढ्याने नाच बिघडतो. म्हणून मचाणावर, शेजारी.

साहजिकच टिकल्या मी लावल्या. मी त्याच्या उजव्या हाताला उभी राहायचे, हात मोकळे. दोन कार्यक्रम झाले. "छान आहे," ओजस म्हणाला. माझ्या आईच्या उपम्यालाही तो छान आहे म्हणतो.

तिसऱ्या कार्यक्रमात, नाशिकला, घामाने माझी एक टिकली सुटून पडली. बंड्या वाटायला एक स्वयंसेवक मुलगी होती, सानिका तांबट. द्राक्षांच्या पॅकिंग शेडमध्ये प्रतवारीचं काम करते, मैत्रिणीच्या आग्रहाखातर आलेली. तिने खोक्यातली नवी जोडी काढून स्वतःच्याच कानांमागे लावली. "दहा मिनिटं, ताई. तोवर तुमची बदलून आणतात. दादांचं गाणं नको बुडायला."

तिने 'डांबर'चं नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं. तोंड उघडं टाकून उभी होती. गिटार किंचाळली की "आई गं!" म्हणायची, आणि शेजारच्याचा दंड धरायची. शेजारी ओजस होता.

तिसऱ्या मिनिटाला ओजस मोठ्याने हसला. सातव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. अकरा वर्षांत मी त्याला खूप वेळा खूश पाहिलं होतं. हे मी पाहिलेलं नव्हतं. माझी दुरुस्त जोडी घेऊन माणूस आला, तेव्हा मी ती त्याच्या हातून ओढूनच घेतली.

ती त्याला दादा म्हणते, मला ताई. त्याने काही फरक पडला नाही.

पुढे महिनाभराने, एका संध्याकाळी, ओजस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ऋजू, रागावणार नसशील तर बोलतो. नवीन हंगामाचा पहिला कार्यक्रम सानिकाच्या टिकल्यांवर करून बघू?"

"बघू काय, कर ना."

"रागावलीस."

"मी कांदा चिरतेय."

"रागावतेस तेव्हा कांदा गोल चिरतेस."

मी खाली पाहिलं. चकत्याच होत्या. त्या उभ्या चिरायला घेतल्या. ते जमत नाही.

"तिच्यात असं काय आहे?" मी विचारलं. मान खाली होती, त्यामुळे त्याला ओठ दिसले नाहीत. तो दारातच थांबला, मग निघून गेला.

टिकल्यांच्या नोंदी वापरणाऱ्यांना मिळतात. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत, जेवणाच्या सुट्टीत, मी दोन्ही उघडल्या. सानिकाच्या आलेखात दहा मिनिटांत सत्त्याऐंशी टोकं होती. माझ्यात दोन तासांत एकतीस. हे कुणाचं मीटर असतं तर मी शेरा मारला असता: प्रतिसाद मंद, दुरुस्तीस पाठवावे. माझा आलेख शिवाय सगळा डावीकडे झुकलेला होता. दोन्ही कार्यक्रमांत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी तो शून्यदोष समजले. टिकली नीट चिकटली नसेल. नेहमीप्रमाणे मोजला, वजा केला. मग जे उरलं ती जवळजवळ सरळ रेघ होती. मी संगणक बंद केला आणि डबा न खाताच ठेवून दिला.

त्यानंतरचे सगळे दिवस मी त्या मुलीचा विचार करत होते. रस्त्यात टिकली लावलेली बाई दिसली, साधी कपाळावरची, तरी मी मान फिरवायचे. ती ओजसला काय सांगते, किती वेळा हसवते, याचं मला काही नव्हतं. तिचं ऐकणं त्याच्या अंगात शिरत होतं. मी पाठीवर बाहेरून वाजवत आले होते, आणि ती आतून.

फेब्रुवारीतला रविवार, दुपारचे साडेतीन, नाशिकबाहेर द्राक्षबागांना लागून असलेलं मैदान. चाचणी म्हणून मचाणावर ओजसबरोबर सानिका. मी खाली, कठड्याला लागून, दोन हातांच्या अंतरावर. ओजस माझ्या डावीकडे, सानिका उजवीकडे.

सानिका धावत आली. "ताई, दादा कुठंयत?"

"उसाचा रस आणायला गेलाय."

"मला काय टेन्शन आलंय ताई! म्हटलं, मी जांभई दिली तर दादांना पण येईल का? शेडमधल्या बाया म्हणतात, तू आता माणसाचा स्पीकर झालीस." ती स्वतःच खळखळून हसली. टिकल्यांची डबी माझ्या हातात दिली. "एवढं धरा ना, तोंड धुऊन आले. सगळी धूळ बसली."

डबीत दोन टिकल्या होत्या. त्या ओजसच्या बंडीशी जोडलेल्या. माझ्या पर्समध्ये माझी जोडी होती. ती कशाशीच जोडलेली नव्हती, नुसती नोंद ठेवायची. रंग तोच, आकार तोच. मला ठरवायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, ते मी मोजलं नाही. सानिका चेहरा पुसत आली तेव्हा तिच्या टिकल्या माझ्या कानांमागे होत्या, केसांखाली, आणि डबीत माझ्या.

"थँक्यू हां ताई," म्हणत तिने त्या लावल्या.

पहिलं गाणं 'उतारावर' होतं. त्याचे सगळे चौकोन मला पाठ. मी मनाशी म्हटलं, आज मी ऐकणार. त्या मुलीसारखी, तोंड उघडं टाकून. गिटार सुरू झाली आणि ओजसने डोळे मिटून छातीवर हात ठेवला. मी रंगमंचाकडे पाहत होते, निदान मान तरी तिकडे होती. दुसरं कडवं आलं. पुढे मोठा जोर. ओजसने डोळे उघडले. रंगमंचाकडे पाहिलं नाही, सानिकाकडेही नाही. वाकून सरळ माझ्याकडे पाहिलं.

गाणं संपलं. टाळ्या ओसरल्या, आणि दोन गाण्यांच्या मध्ये मैदान क्षणभर गप्प होतं तसं झालं. नेमक्या त्या क्षणी ओजस बोलला.

"ऋजू! टिकल्या परत दे!"

मीटर नसतानाही सांगते, एक मीटर अंतरावर पंच्याऐंशी डेसिबल. पंधरा-वीस माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, "अहो, द्या की त्यांच्या टिकल्या!" आणि भोवतालचे हसले.

मी केस बाजूला करून टिकल्या सोडवल्या. हात वर करून त्या पुढे धरल्या. सानिका गोंधळून आमच्याकडे आळीपाळीने पाहत होती. मग तिचा हात तिच्या कानामागे गेला आणि तिला समजलं. तिने माझी जोडी काढून वाकून माझ्या हातात दिली. "मला सांगायचं ना, ताई," ती हळू म्हणाली. "मी दिल्या असत्या."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

ओजस मचाणाच्या कडेला उकिडवा बसला, माझे ओठ दिसतील असा. "कसं कळलं?" मी विचारलं.

"मोठा जोर यायच्या आधी एक ठोका बंडी फुगली. रिकामीच. ड्रमला जागा करून ठेवल्यासारखी."

"यंत्रात कमीजास्त होतं."

"यंत्राला उशीर होतो, ऋजू. एक ठोका आधी फक्त तू येतेस."

तो आवाज लहान करायचा प्रयत्न करत होता. त्याला ते जमत नाही, पण करत होता. "तुला सगळं पाठ असतं. तुझ्या कानांना गाण्यात नवीन काही राहतच नाही. मग ते बघतात, नवीन काय आहे आजूबाजूला. मला धक्का लागला, बंडीत धडधड. मी हसलो, बंडीत झुळूक. मी पाणी प्यायलो तरी काहीतरी व्हायचं. गेल्या वर्षी दोन्ही कार्यक्रमांत गाणं आलंच नाही. मीच आलो. दोन-दोन तास मी."

डावीकडचा कल. तो टिकलीचा दोष नव्हता. त्या दोन्ही कार्यक्रमांत माझ्या डावीकडे, काहीच आवाज न करणारा ओजस उभा होता, आणि माझे कान पूर्ण वेळ त्याच्याकडे वळलेले होते. तेच मी मोजलं होतं आणि वजा करून टाकलं होतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? की तू माझ्याकडे फार लक्ष देतेस म्हणून?"

वर गायकाने माइक हातात घेतला आणि सांगितलं, आता नवं गाणं, आजवर कुठंच वाजवलेलं नाही. माझ्याकडे त्याचा कागद नव्हता. मी सवयीने माझ्या टिकल्या लावल्या, त्या कशाला लावल्या कोण जाणे. ओजस उठला नाही. तिथेच कडेला पाय सोडून बसला आणि त्याने उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

आणि ठेका धरला.

सानिका वर "आई गं!" म्हणाली. बंडीतून ते ओजसला गेलं, ओजसच्या बोटांतून माझ्या खांद्यात आलं, थोडं उशिरा, आणि सगळ्यात शेवटी मला समजलं की गिटार मध्येच थांबली आहे. पुढे काय येणार ते मला माहीत नव्हतं. मैदानातल्या कुणालाच माहीत नव्हतं. शांतता लांबत गेली. मग ड्रम असा कोसळला की माझ्या दोन्ही हातांवर काटा आला. ओजसची बोटं माझ्या खांद्यात रुतली होती. माझ्या मनात आलं, हा काटा त्या मुलीचा आहे. तिचा उष्टा. तरी तो हातांवरून जाईना.

सहा वाजता बाहेर पडायच्या खिडकीशी आलो. काचेवर मावळतीचं ऊन पडलं होतं, आतल्या मुलीचे ओठ ओजसला दिसत नव्हते. ती म्हणाली, "सोबत्याचं नाव सांगा. पुन्हा बदलता येणार नाही हं."

ओजसने माझ्याकडे पाहिलं. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत तो असाच पाहतो. मी जे सांगेन तोच प्रश्न असतो. 'ऋजुता' म्हणायला मला एक सेकंद लागला असता, आणि काय विचारलं होतं ते त्याला कळलंही नसतं.

मी त्याच्याकडे तोंड केलं आणि सावकाश म्हटलं, "ती विचारतेय, सोबती कोण."

"तूच सांग," तो म्हणाला.

"सानिका तांबट," मी खिडकीत सांगितलं. ओजस माझ्या ओठांकडे पाहत होता, त्याने वाचलं. मग तो खिडकीशी वाकला आणि आतली मुलगी दचकेल एवढ्या आवाजात म्हणाला, "आणि आठही कार्यक्रमांचं एक साधं तिकीट. मचाणाच्या कठड्यालगतचं. ही ऐकायला येणार आहे."

बागेच्या बांधावरून स्कूटरकडे चालताना त्याने माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "आवडलं का नवं गाणं?"

अकरा वर्षांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं. माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं की विचारलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "फार कर्कश आहे. आणि शेवटी तर नुसती आदळआपट."

तो थांबला. "आणि बाकीची?"

"बाकीचीही तशीच."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

तो इतक्या मोठ्याने हसला की तारेवरचे पक्षी उडाले. "मग यायचीस कशाला गं?"

त्याचं उत्तर गेल्या हंगामात दोन कार्यक्रम त्याच्या बंडीतून येऊन गेलं होतं.

सोमवारी प्रयोगशाळेत मी माझ्या टिकल्यांची नोंद उघडली. फक्त नवं गाणं, तीन मिनिटं बावन्न सेकंद. या वेळी काही वजा केलं नाही. डावीकडे, ओजसच्या बाजूला, काही नव्हतं. तिथे हात होता, कानांचं काम नव्हतं. समोर, रंगमंचाकडे, नऊ टोकं. उजवीकडे, जिथे सानिका उभी होती, चौदा. त्यातलं सगळ्यात उंच टोक तिच्या शेवटच्या "आई गं" ला होतं.

मी आलेख छापून घेतला आणि खाली नेहमीच्या जागी शेरा लिहिला.

प्रतिसाद तीव्र. वापरण्यास योग्य.